दोन रात्रींचा नाताळ

तुमच्याकडे दिवाळीला जसं सगळं घर गोळा होतं, तसं आमच्याकडे नाताळाला होतं. माझं सासर नगरचं. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं, पण एसटीत कंडक्टरसमोर तोंडातून 'दोन नगर'च निघतं.) अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ साली आलं आणि पुढे आसपासच्या खेड्यापाड्यांतली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली, त्यांतलंच हे एक. तरी फराळ तुमच्यासारखाच बरं का! करंज्या, चकल्या, शंकरपाळे, आणि बेकरीच्या भट्टीवर रांग लावून भाजून आणलेली नानकटाई. दारात आकाशकंदिलाऐवजी चांदणी. रात्री ढोलकी-पेटी घेऊन गाणारी मंडळी घरोघर येतात, त्यांना चहा द्यायचा. केक असतो, पण सासूबाईंचा सगळा जीव करंजीत.

तेव्हा मी जे सांगणार आहे ते सणाचं नाव बदललं की तुमचंही होईल. तुमच्यापैकी जिला मूल नाही, तिला दिवाळीत, मंगळागौरीत, कुणाच्या डोहाळजेवणात काय होतं ते मला वेगळं सांगायला नको.

माझं लग्न २०१८ सालच्या मे महिन्यात झालं. आज मी छत्तीस वर्षांची आहे. बी.ए. झाले आहे, नाशिकला एका शाळेत अर्धा दिवस पाचवी-सहावीला मराठी शिकवते, बाकीचा वेळ घर. आमचे हे एमआयडीसीत आहेत. आणि आम्हांला अजून मूल नाही.

पहिले दोन नाताळ 'यंदा तिघं येणार होता ना?' अशा थट्टेत गेले. २०२० साली करोनामुळे कुणी कुठे गेलंच नाही, आणि खरं सांगते, मला मनातून बरं वाटलं होतं. जगावर एवढं संकट आणि ही बाई नाताळ चुकला म्हणून सुटकेचा श्वास टाकते! पण होतं तसं. २०२१ साली सासरे गेले. त्यानंतर घरातली वडीलधारी म्हणजे ह्यांची आत्या. आत्या विधवा, वय सत्त्याहत्तर, आवाज खणखणीत, बायबल तोंडपाठ. मनाने वाईट नाही हो. पण चोवीस तारखेच्या रात्री जेवणाआधी आमच्याकडे घरातली प्रार्थना असते, सगळे सतरंजीवर बसतात, आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. २०२२ च्या नाताळात आत्यानं प्रार्थनेत माझं नाव घेतलं. नावानिशी! प्रभूने माझी कूस उघडावी, या घराला फळ द्यावं, माझा कमीपणा दूर करावा. सतरा माणसं, त्यांत लहान मुलं, माझा दीर, नणंदेचा नवरा. सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण मला वाटत होतं सगळे माझ्याकडेच बघतायत. 'आमेन' झालं आणि आम्ही मटण वाढायला उठलो.

त्या रात्री मला आमच्या बायबलातल्या हन्नेची आठवण झाली. तिची गोष्ट तुम्हांला थोडक्यात सांगते. एलकाना नावाच्या माणसाला दोन बायका, पनिन्ना आणि हन्ना. पनिन्नेला मुलं, हन्नेला नाही. दर वर्षी हे कुटुंब शिलो नावाच्या गावी उत्सवाला जायचं. तिथे यज्ञ व्हायचा, जेवणं व्हायची, नवरा सगळ्यांना वाटे वाढायचा, आणि नेमकी त्याच वेळी पनिन्ना हन्नेला टोचून बोलायची. हन्ना रडायची, ताटावरून उठायची. नवरा तिची समजूत घालायचा, की मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का? (पुरुषांची समजूत घालण्याची रीत तीन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही.) पुढे ती मंदिरात ओठ हलवत पुटपुटत प्रार्थना करते, तर तिथला याजक एली म्हणतो, ही बाई प्यायलेली दिसते. मग तिला शमुवेल होतो, वगैरे. आत्या नेहमी शेवटचा भाग सांगते. मला मात्र आधीचा भाग खरा वाटतो. घरी एकटी असताना हन्ना रडत होती असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. ती रडते ती वर्षाच्या सणाला, पंगतीत.

आता वैद्यकीय गोष्ट. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यात माझी चार वर्षं गेली आणि तुमची जाऊ नयेत असं वाटतं.

मी पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले ती २०२१ साली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. मग नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायला गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात तो काढला. तो फार दुखतो, कुणी 'मुंगी चावल्यासारखं' सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२२ साली दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर तीन टाके. सगळं व्यवस्थित निघालं. मग गोळ्या, मग 'टेन्शन घेऊ नका', मग 'वजन थोडं कमी करा'. या सगळ्या काळात एकाही कागदावर आमच्या ह्यांचं नाव वय आणि धंदा या दोन रकान्यांपलीकडे गेलं नाही. मीही विचारलं नाही. का विचारलं नाही? अहो, मी शिकवते पोरांना की प्रश्न विचारा म्हणून! पण तिथे गेलं की आपण टेबलावर पडलेलं पोट होतो.

२०२५ च्या सप्टेंबरात एका ओळखीच्या बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. या डॉक्टरीणबाईंनी माझी एवढी जाडी फाईल चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "यजमानांचा रिपोर्ट कुठाय?"

नव्हताच.

वीर्याची तपासणी ही या सगळ्या तपासण्यांतली सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. दोन-चार दिवसांचं पथ्य पाळून एका डबीत नमुना द्यायचा. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काहीतरी कारण असतं, एकटं तरी किंवा बाईच्या कारणाच्या जोडीला. म्हणून दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते. वर्षभर प्रयत्न करूनही राहिलं नाही तर डॉक्टरांकडे जावं, आणि बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं!

ह्यांचा रिपोर्ट आला. एका मिलिलिटरमध्ये निदान एक कोटी साठ लाख शुक्रजंतू असावेत असा हल्ली अंदाज धरतात. ह्यांचे तीस लाखांच्या आसपास होते आणि त्यांतले बरेच हलतच नव्हते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, कारण एका तपासणीवर ठरवत नाहीत. तेच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू?" हे गप्प. मी म्हटलं, "वीस वर्षं, चुन्यासकट." बाई म्हणाल्या, नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू आजपासून बंद करा, गोळ्या देते त्या घ्या, तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत आपण सुरू करू. तंबाखू हेच कारण असं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, पण असलेल्या अडचणीत भर नको. दरम्यान माझी रक्ततपासणी करून रुबेलाची लस दिली, तिच्यानंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात. फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक. असा आमचा ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ ठरला. वाट बघण्याचा.

सुरू काय करायचं, तर इक्सी. टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात त्याचाच एक प्रकार. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करायची, मग रोज पोटावर इंजेक्शन, दहा-बारा दिवस. बीजं तयार झाली की थोडी भूल देऊन ती सुईने काढून घेतात. आणि एकेका बीजात एकेक शुक्रजंतू अगदी बारीक सुईने सोडतात, म्हणजे त्याला स्वतः पोहत जायचे कष्ट नाहीत. १९९२ साली या पद्धतीने पहिलं मूल झालं, बेल्जियममध्ये. गर्भ तयार झाला की तीन किंवा पाच दिवसांनी गर्भाशयात सोडतात आणि दोनेक आठवड्यांनी रक्त तपासून कळतं. खर्च आम्हांला दोन लाखांच्या घरात सांगितलाय, एका वेळचा. ह्यांच्या नावची एक ठेव डिसेंबरात संपत होती, ती त्यासाठी ठेवली. आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं, की तुमच्या वयाला पहिल्याच वेळी यश येईलच असं मी म्हणणार नाही, जो डॉक्टर तशी खात्री देईल त्याच्याकडे जाऊ नका. या कामासाठी २०२१ साली कायदा झाला आहे. दवाखान्याची त्याखाली नोंदणी असावी लागते आणि नवरा-बायको दोघांची लेखी संमती घ्यावी लागते. नोंदणीचा कागद भिंतीवर बघून घ्या. मी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

तर हा सगळा जामानिमा जानेवारीत. आणि मध्ये डिसेंबर. डिसेंबरात नगर.

दर वर्षी आम्ही वीस तारखेला जातो ते एकतीसची रात्रीची उपासना करून, नव्या वर्षाची प्रार्थना करून परत येतो. बारा दिवस. करंज्या मी लाटायच्या, जाऊ भरते. ही माझी जाऊ वयाने लहान, गुणी, मला 'ताई' म्हणते. तिला एक मुलगा होता. २०२४ च्या नाताळात ती सारखी दमायची, मटणाचा वास सहन व्हायचा नाही, सैल गाऊनमध्येच असायची. मला काही समजलं नाही असं नाही. पण कुणीच काही बोललं नाही. मी खोलीत गेले की नणंदेचं आणि तिचं बोलणं थांबायचं. फेब्रुवारीत दीराचा फोन आला, की सहावा लागलाय. म्हणजे नाताळात चौथा होता. घरात सगळ्यांना माहीत होतं, माझ्याशिवाय. मैत्रिणींनो, तिला दिवस राहिले याचं मला जेवढं वाटलं नाही तेवढं या लपवण्याचं वाटलं. माझी दृष्ट लागेल असं वाटलं का? की मी रडेन असं? पुढे ती एकदा म्हणाली, "ताई, तुम्हांला कसं सांगू तेच कळेना." तिचंही खरं. आमच्या बायबलात अलीशिबासुद्धा उतारवयात दिवस राहिल्यावर पाच महिने कुणाला दिसली नाही. पण मला सांगणारी एकही बाई त्या घरात नव्हती, हे मला बराच काळ बोचत राहिलं.

म्हणून यंदा नोव्हेंबरात मी ह्यांना म्हटलं, "मी येणार नाही."

हे म्हणाले, "आईला काय सांगू?"

"खरं सांगा."

त्यावर ह्यांनी पेपर डोळ्यांपुढे धरला. आमच्यात पेपर डोळ्यांपुढे आला की विषय संपला. तुम्हांला म्हणून सांगते, सप्टेंबरपासून तोवर ह्यांनी स्वतःच्या रिपोर्टविषयी घरात एक शब्द काढला नव्हता. तंबाखू मात्र सोडली होती. डबी मोरीवरच्या फळीवर ठेवून दिली, आणि चिडचिड माझ्यावर. मला दया यायची आणि रागही यायचा. सात वर्षं नगरला मी 'ती बिचारी' होते. आत्या माझ्यासाठी उपास करायची. नणंदेनं काढा पाठवला, तो मी प्यायले. आणि दोष, दोष हा शब्दच वाईट आहे, पण कारण म्हणू या, ते ह्यांच्याकडे होतं. मला ते चव्हाट्यावर मांडायचं नव्हतं. पण ते माझ्या डोक्यावर घेऊन आणखी बारा दिवस करंज्याही लाटायच्या नव्हत्या.

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, दोनच रात्री जाऊ, चोवीस आणि पंचवीस. आणि कुणी विचारलं तर दोघांनीही एकच सांगायचं, 'उपचार चालू आहेत, जानेवारीत पुढचं.' एवढंच. कुणाचा रिपोर्ट, कुणाचं काय, ते नाही. मी कबूल केलं. पूर्ण समाधान नव्हतं, पण वाक्य पाठ असलं की बरं असतं, हे मी शाळेत तोंडी परीक्षेला पोरांना सांगतेच. हे एक वाक्य तुम्हीही घरून ठरवून न्या. पंगतीत ऐन वेळी सुचत नाही आणि नको ते तोंडातून जातं. आणि राहायचं किती हेही आधीच ठरवा. 'बघू' म्हटलं की बारा दिवस होतात.

चोवीस तारखेला सकाळच्या एसटीनं निघालो. नाताळच्या सुट्टीत शिर्डीला ही गर्दी! दीड तास गाडी तिथेच. माझ्या पोटात गोळा. एका मनाला वाटत होतं, गाडी इथेच बंद पडावी आणि साईबाबांच्या दारात आमचा नाताळ व्हावा. राहुरीच्या पुढे ऊस दिसायला लागला आणि आता सुटका नाही हे कळलं.

घर गजबजलेलं. सासूबाईंनी दारात दोन्ही गालांवरून हात फिरवला, तशा त्या नेहमी फिरवतात. जावेची मुलगी सात महिन्यांची झालेली. जावेनं ती माझ्याकडे देऊ की नको अशा बेतात धरली होती, तेव्हा मीच हात पुढे केले. पोरीनं माझ्या काळ्या मण्यांतला क्रूस पकडला आणि तोंडात घातला. गोड आहे पोर. मी तिला अर्धा तास घेतलं आणि मग मुद्दाम बेकरीतून नानकटाई आणायला गेले. भट्टीवर पाऊण तास रांग होती, ती मला हवीच होती. तुम्हीही असलं एक काम हाताशी ठेवा, घराबाहेरचं, वेळ लागणारं.

रात्री सतरंजी अंथरली. गाणं झालं. आत्यानं प्रार्थना सुरू केली, आजारी माणसं झाली, मंडळी झाली, पाऊसपाणी झालं, आणि मग, "प्रभो, तुझ्या या लेकीची कूस..." मी डोळे घट्ट मिटले. आमेन झालं. रीतीप्रमाणे पुढचा माणूस. आमचे हे कधी मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, त्यांची पाळी आली की सगळे दोन क्षण थांबून पुढे जातात. पण तेवढ्यात यांचा आवाज आला. घोगरा.

"प्रभो, औषध माझं चालू आहे. तिच्यात काही नाही. माझ्यात आहे. मला तंबाखू सुटू दे. आमेन."

एवढंच. पुढे कुणी बोलेना. कुणाचं तरी पोर हसलं. मग दीरानं घाईघाईनं प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी ती नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली.

तुम्हांला वाटेल मला धन्य धन्य झालं. नाही. पहिल्यांदा मला राग आला. ठरलं होतं काय, आणि केलं काय! माझ्याशी बोलायला सात वर्षं वाचा नव्हती आणि सतरा माणसांसमोर आली. रडू नंतर आलं, मोरीत, नळ सोडून. आणि बाहेर जेवताना सगळे मटणाची इतकी स्तुती करत होते की विचारू नका. नणंदेनं माझ्या पानात नळी वाढली. एरवी ती तिच्या नवऱ्यासाठी राखून ठेवते.

झोपायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशीच्या वाटणासाठी सासूबाई कांदा-खोबरं भाजत बसल्या होत्या. माझ्या सासूबाई नर्स. चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात सिस्टर होत्या, २०१२ साली निवृत्त झाल्या. किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही. माझ्या मनात नेहमी यायचं, एवढ्या जाणत्या बाईला मुलाची तपासणी सुचू नये?

मी जवळ बसले. त्या बराच वेळ उलथनं हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी बाई मूल होत नाही म्हणून यायची. सासूबरोबर यायची. नवरा बाहेर झाडाखाली बसलेला असायचा. त्याला कुणी आत बोलवत नव्हतं. मी पेपर भरायचे. बाईच्या पेपरावर लिहायचं, प्रायमरी स्टरिलिटी. बाईच्या. नवऱ्याला पेपरच नसायचा." खोबरं करपायला आलं होतं, त्यांनी गॅस बंद केला. "शेकडो लिहिलेत गं मी. आणि तुझंही मनात तसंच लिहिलं."

मी काय बोलणार? मी खोबरं ताटलीत काढलं.

मग त्याच म्हणाल्या, १९८६ साली मुंबईला केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांनी टेस्ट ट्यूब बेबी केली, ती बातमी त्यांनी वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवली होती. ऑगस्टचा महिना होता, पाऊस होता. वॉर्डातली एक बाई, तिसरं मूल पोटात गेलेली, ती म्हणाली होती, सिस्टर, आम्हांला ते कधी मिळणार? सासूबाईंनी तिला हसून काहीतरी उत्तर दिलं. काय ते त्यांना आठवत नव्हतं, पण हसल्याचं आठवत होतं.

"इंजेक्शनं कोण देणार तुला?" त्यांनी एकदम विचारलं.

मी म्हटलं, दवाखान्यात जावं लागेल रोज, किंवा स्वतः टोचून घ्यायचं, शिकवतात म्हणे.

"मी येते. हात थरथरत नाही अजून माझा."

मी लगेच हो म्हटलं नाही. तुम्हांला खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. दोन खोल्यांचं घर, दहा-बारा दिवस, सासूबाई रोज माझं पोट बघणार. आणि नाहीच झालं तर? तेही त्यांच्यासमोरच. मी म्हटलं, "आई, नाही झालं तर तुम्ही आत्यांना काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "आत्याला मी काही सांगत नाही. तिला देव सांगतो." आणि आम्ही दोघी हसलो, तोंडावर पदर धरून, कारण आत्या पलीकडच्या खोलीतच होती.

आत्या बदलली असं समजू नका. सव्वीस तारखेला निघताना तिनं ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि एका प्रार्थनासभेचा पत्ता दिला, तिथे म्हणे तंबाखूही सुटते. जाऊ एसटी स्टँडपर्यंत आली. काही बोलली नाही, पिशवीत करंज्यांचा डबा कोंबला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, काय असेल ते मला फोन करून सांगाल ना? चांगलं-वाईट कसंही." मी मान हलवली.

गाडीत हे विचारत होते, "रागावलीस?" मी म्हटलं, हो. कोपरगाव फाट्यापर्यंत रागावलेलीच राहिले. मग करंजी खाल्ली.

आज जानेवारीची पाच तारीख आहे. ह्यांचा नवा रिपोर्ट आला, बेचाळीस लाख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार हुरळू नका, पण बरं आहे, आपल्याला थोडेच लागतात. मोरीवरच्या फळीवरची डबी मी अजून फेकलेली नाही, त्यांनीच फेकावी असं वाटतं. आतली खोली झाडून कॉट मोकळी केली आहे. फ्रिजच्या एका कप्प्यातून लोणची काढून इंजेक्शनांसाठी जागा केली, कारण त्यांतली काही थंड ठेवावी लागतात. नगरहून रोज सकाळी सातला फोन येतो. सासूबाई चहा झाला का विचारतात, थंडी किती आहे विचारतात, मग जरा थांबतात.

"आली का?"

"नाही आई अजून."

सात वर्षं दर महिन्याला पाळी येऊ नये म्हणून मी दिवस मोजले. आता ती यावी म्हणून मोजते आहे. तीन दिवस उशीर झालाय, आणि या खेपेला मी त्याचा काही अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आहे. सासूबाईंची बॅग भरलेली आहे, पहिली गाडी सकाळी साडेपाचची.